मंठाळची पाठराखीण

मंठाळच्या चन्नम्माला रडणाऱ्या मुली नुसत्या आवाजावरून ओळखता येत. कोणती भुकेनं रडते, कोणती झोपेनं, कोणती आईच्या आठवणीनं आणि कोणती शेजारणीला सोबत म्हणून, हे ती चुलीकडे तोंड करून, मागे न वळता सांगे. ही विद्या ती कुठे शिकली असं कुणी विचारत नसे. चन्नम्मा पाठराखीण होती, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

पाठराखीण म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. निजामाच्या अमदानीत बीदर-गुलबर्ग्याकडच्या खेड्यांतून नवरी आठ-नऊ वर्षांची असे. अकरा म्हणजे बापाला घोर. अक्षता पडल्या की तिला गाडीत घालून सासरी न्यायचं. तिथे गेल्यावर ती परसाकडे एकटी जायला भ्यायची, आणि भरल्या पंगतीत मधेच "अव्वा कुठं हाय?" म्हणून आईची चौकशी करायची. म्हणून तिच्याबरोबर माहेरचं एक मोठं बाईमाणूस जाई, चार-पाच दिवस तिच्याजवळ निजे, तिच्या वतीनं बोले, आणि मुलगी जरा रुळली असं वाटलं की ती झोपेत असतानाच निघून येई. या शेवटच्या रिवाजाला चन्नम्माचा विरोध होता. ती मुलीला उठवून, सांगून निघे. मग जी रडारड व्हायची ती व्हायची.

"रडू दे की," ती म्हणे. "झोपंत सोडून गेलं तर पोर पुढं झोपंलाच भिती."

हा तिचा स्वतःचा अनुभव होता. तिच्या लग्नातली पाठराखीण दुसऱ्याच दिवशी ती जागी व्हायच्या आत पसार झाली होती. पुढे तिचा नवराही तसाच गेला. तो सोलापूरच्या गिरणीत कामाला म्हणून गेला. त्याच्या मेल्याची खबर आली नाही आणि जिवंत असल्याची तर कधीच नाही. त्यामुळे चन्नम्माचं कुंकू शाबूत राहिलं आणि शुभकार्याला तिला बोलावण्यात कुणाला अडचण पडली नाही. नवऱ्यानं तिची केलेली ही एवढीच सोय.

निघताना तिच्या बोचक्यात ठरलेल्या वस्तू असत. मुलीच्या घरची वापरलेली वाकळ, कारण नव्या गोधडीला आईचा वास नसतो. चिंध्यांची एक बाहुली. चिंचेचे गोळे. आणि खारका, कारण खारीक तोंडात असलेल्या मुलीला रडता येत नाही. सासरी पोचल्यावर पहिल्या दिवशी ती काहीच बोलत नसे, नुसती बघे. घरात शेवटी कोण जेवतं, किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत, सासू भांडं ठेवते की आदळते. तिला माणसांच्या घरांचं विलक्षण कुतूहल होतं. एखाद्या घरातली उतरंड बघून ती परत येई आणि त्या घरातल्या दोन जावांचं किती दिवस पटेल ते सांगे. निम्म्या वेळा तिचा अंदाज चुके, पण तोवर लोक विसरलेले असत.

चन्नम्माला पैसे मिळत नसत. निघायच्या दिवशी सासूनं तिची ओटी भरायची, लुगडं-खण द्यायचा आणि घरच्या वडीलधाऱ्यांसमोर विचारायचं, "आणिक काय पाहिजे, अक्का?" त्या वेळी पाठराखीण जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, अशी चाल होती. मागणं स्वतःसाठी नसे, मुलीसाठी असे. चन्नम्मा दर वेळी एकच मागे: पंचमीला पोरीला माहेरी धाडा.

"एवढंच कामून मागताव?" तिला कुणी विचारलं, तर ती म्हणे, "मोठं मागितलं की लोक लगीच व्हय म्हणतेत आन विसरतेत. ल्हान मागितल्यावर न्हाई म्हणायची लाज वाटती."

एकदा मात्र तिनं एका मुलीला कारलं वाढू नका असं मागितलं होतं. ते सासरच्यांनी अजून पाळलं आहे म्हणतात.

*

पोलीस अ‍ॅक्शन होऊन गेली, निजामाचं राज्य गेलं, रझाकार गेले, आणि दोन-तीन वर्षांनी कायदा आला. तालुक्याच्या कल्याणीहून आलेल्या माणसानं चावडीसमोर हलगी वाजवून सांगितलं की पंधरा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, आणि लावणाऱ्याला तुरुंग आहे. दुसऱ्या दिवशी उठून बघतात तो गावातल्या निम्म्या मुली पंधरा वर्षांच्या झालेल्या. जन्माची नोंद कुणाकडेच नव्हती. "टोळधाडीच्या साली झाली" असं म्हटलं की काम भागे. टोळधाड कुठल्या साली आली यावर पाटलाचं आणि मठातल्या स्वामींचं एकमत नव्हतं.

रेवणसिद्धप्पाची हेमावती त्या वर्षी अकरा वर्षांची होती. रेवणसिद्धप्पाचं मंठाळात भुसाराचं दुकान होतं. तिचं लग्न गुलबर्ग्याच्या गुरुलिंगप्पांच्या थोरल्या मुलाशी, भीमण्णाशी, तिच्या बारशालाच ठरलेलं. गुरुलिंगप्पांची तुरीच्या डाळीची गिरणी होती, आणि भुसारवाल्यानं डाळवाल्याशी सोयरीक करावी यात नवल नव्हतं. कायदा आला तेव्हा लग्न आठवड्यावर आलं होतं. रेवणसिद्धप्पानं मुलीला पंधराची केली आणि मांडव घातला.

लग्नाच्या सकाळी अमीनसाहेब गावात आले. अमीन म्हणजे त्या वेळचा पोलीस फौजदार. खाकी टोपी वेशीत दिसली आणि मांडवात कुणीतरी ओरडलं, "आला रे!"

पुढची दहा-पंधरा मिनिटं मंठाळच्या इतिहासात अपूर्व म्हटली पाहिजेत. भीमण्णाचं बाशिंग उतरवून तांदळाच्या हंड्यात टाकलं. वाजंत्रीवाल्यांना कडब्याच्या गंजीमागे बसवलं. आत चन्नम्मानं हळद लावलेल्या हेमावतीला वाकळीत गुंडाळून कोपऱ्यात निजवलं आणि तोंडात खारीक दिली. अक्षता लावायला आलेल्या स्वामींना रेवणसिद्धप्पानं मांडवाच्या मधोमध चौरंगावर बसवलं आणि हात जोडले.

अमीनसाहेब घोड्यावरून उतरले. "क्या चल रहा है? शादी है क्या?"

"न्हाई साब," रेवणसिद्धप्पा म्हणाला. "प्रवचन है. स्वामीजी का."

आता अमीनसाहेबांनी मान डोलवावी आणि जावं अशी सगळ्यांची अपेक्षा. पण साहेबही लिंगायतच निघाले, रायचूरकडचे. ड्यूटीवर दखनी बोलणारा तो माणूस एकदम कन्नडवर आला, टोपी काढली, गळ्यातलं लिंग डोळ्यांना लावलं आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसला. प्रवचन ऐकून महिने झाले होते म्हणाला.

स्वामींना प्रवचनाची सवय नव्हती. अक्षता लावून जेवून जायचं एवढ्याच तयारीनं ते आले होते. तरी ते बोलले. आधी भक्तीवर बोलले, मग दासोहावर, म्हणजे अन्नदानावर, मग पुन्हा भक्तीवर. साहेब हलेनात. वऱ्हाडाला कळेना की ऐकावं, जेवावं की पळावं. मधेच साहेबांची नजर समोरच्या रांगेत बसलेल्या भीमण्णावर गेली आणि त्यांची दखनी परत आली.

"इस लड़के को पीलिया हुआ क्या?"

भीमण्णाच्या तोंडाला कानापर्यंत हळद होती. रेवणसिद्धप्पाला घाम फुटला. "व्हय साब. कावीळच है. म्हणूनच प्रवचन ठेवलंय."

साहेबांनी त्या मुलाकडे फार दयेनं बघितलं. मग लाडू-बुंदीचं जेवण झालं, आणि जेवताना त्यांनी सहज विचारलं, घरात मुलगी आहे ना? तिचं लग्न कधी?

"पंधरा झाल्याबिगर न्हाई, साब."

आणि इथे स्वामींनी घात केला. सकाळभर बोलून त्यांना सूर सापडला होता. त्यांनी विभूतीचं ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, "बोललास ना रेवणसिद्धप्पा? मग इथं हात ठेव. सगळ्यांसमोर." गावासमोर, वऱ्हाडासमोर, अमीनासमोर त्यानं विभूतीवर हात ठेवून शब्द दिला. आत वाकळीत हेमावतीनं खारकेची बी थुंकली आणि चन्नम्माला विचारलं, "आता मी उठू का?"

साहेब घोड्यावर बसले आणि लगाम ओढता ओढता त्यांना आठवलं. "अरे, वो भैंस का क्या हुआ? इसी गाँव से चोरी हुई थी ना?"

ते म्हशीच्या तपासाला आले होते. लग्नाची त्यांना खबरच नव्हती.

*

त्यानंतर घरात एक नवीनच अडचण उभी राहिली. अकरा ते पंधरा या वयाच्या मुलीचं घरात काय करायचं, याची कुणाला सवयच नव्हती. ती लहान मुलगी उरली नव्हती आणि कुणाची सूनही झाली नव्हती. एरवी या वयात मुली सासरी रांधायला शिकत आणि मार खात. हिला दोन्हीही नव्हतं. दुपारी दुकानात रेवणसिद्धप्पा झोपायचा, म्हणून तिला गल्ल्यापाशी बसवायला लागले. गिऱ्हाइकं तीन भाषांत घासाघीस करत; ती तीन भाषांत नाही म्हणायला शिकली. माप भरताना कोण अंगठा आत धरतो, कोण धान्य दाबतो आणि कोण नुसतंच वर बघून गप्पा मारतो, हे तिला गिऱ्हाइकाच्या आधी कळू लागलं. आणि ती वाढली. तिच्या आईच्या घरचे सगळे बुटके, पण हेमावती बापाकडच्या आजोबांवर गेली; चौदाव्या वर्षीच तिचं डोकं दुकानाच्या शिंकाळ्याला लागे.

चन्नम्मा वाकळा शिवायला त्यांच्या ओसरीत बसे. हेमावती सुई ओवून देई आणि प्रश्न विचारी.

"चन्नक्का, ती भालकीची पोरगी रडत हुती तवा तिच्या सासूला तुम्ही काय बोलला?"

"म्हटलं, पोट दुखायलंय तिचं."

"खरंच दुखत हुतं?"

"न्हाई. तिला चक्की वढायला लावलती."

"मग चक्कीचं कामून न्हाई बोलला?"

"पोटदुखी सासूला समजती. चक्की न्हाई समजत."

"आन ती पोरगी स्वतः कामून बोलली न्हाई?"

चन्नम्मानं टाका घालता घालता तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "आठ वर्साची हुती बाई," ती म्हणाली. "बोलून बोलून काय बोलंल?"

हेमावतीनं पुढची सुई ओवून दिली आणि म्हणाली, "मी आठ वर्साची असताना लई बोलत हुते."

"माहेरात," चन्नम्मा म्हणाली.

कायद्यानं हेमावतीला काय दिलं असं विचाराल, तर ही चार वर्षं दिली. आणि तीही म्हशीच्या कृपेनं.

दरम्यान कायद्याची भीती मात्र ओसरली. त्या चार वर्षांत आसपासच्या कुठल्याच गावात कुणी तुरुंगात गेलं नाही. कुणी तक्रार केल्याशिवाय सरकार लग्नात येत नाही, आणि लग्नात जेवलेला माणूस तक्रार करत नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं. अमीनसाहेबांची बदली झाली. मुली पुन्हा नवव्या-दहाव्या वर्षी पंधरा वर्षांच्या होऊ लागल्या. चन्नम्माला बोलावणी येत होतीच. फक्त रेवणसिद्धप्पाचा हात विभूतीवर पडला होता म्हणून हेमावती थांबली. शब्द तिच्यापुरता होता. तिच्या धाकट्या बहिणीसाठी, चंद्रम्मासाठी, कुणी शब्द दिलेला नव्हता.

*

हेमावतीचं भीमण्णाशी राहिलेलं लग्न पंचावन्नच्या उन्हाळ्यात धरलं. गुलबर्ग्याहून निरोप आला: सून मोठी आहे, पाठराखीण पाठवायची गरज नाही. गिरणीवाल्यांकडे एवढी थोरली सून आणि तिच्या मागं म्हातारी, लोक हसतील.

हे ऐकून चन्नम्मा ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. खरं म्हणजे निरोप चूक नव्हता. पण हेमावतीनं बापाला सांगितलं, "चन्नक्का आली तर मी जाते."

"अगं, तू का ल्हान हाईस?"

"न्हाई म्हणूनच."

तिचा हेतू चन्नम्माला दोन दिवसांनी कळला. हेमावतीच्या कानावर आधीच आलेलं हळदीच्या दिवशी व्याह्यांच्या बोलण्यात उघड झालं: पुढच्या उन्हाळ्यात चंद्रम्माला भीमण्णाच्या धाकट्या भावासाठी, शरणप्पासाठी, आणायची. एका घरात दोघी बहिणी, एकमेकींना सोबत. चंद्रम्मा दहा वर्षांची होती. ती त्या वेळी अंगणात व्याह्यांच्या जोड्यांत पाय घालून चालून बघत होती.

हेमावतीनं चन्नम्माला कोठीत गाठलं. "निघताना तुमाला विचारतील तवा हेच मागा. चंद्रीला इतक्यात आणायची न्हाई."

"मी पंचमी मागते, हेमे."

"पंचमी नगं. हे मागा."

"हे ल्हान न्हाई."

"व्हय. म्हणूनच तुमाला घेऊन जायलेय."

चन्नम्मा हळदीची वाटी उचलून कोठीबाहेर पडली. तिच्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. गेल्या वर्षभरात मात्र लहान नवऱ्या कमी झाल्या होत्या; शिकलेली घरं थांबू लागली होती, आणि जी थांबत नव्हती ती गुपचूप उरकत होती आणि परक्या बाईला बरोबर नेत नव्हती. चंद्रम्मा हे तिचं पुढचं काम होतं. कदाचित शेवटचं.

*

हुमनाबादला मोटार बदलून ती मंडळी गुलबर्ग्याला पोचली. गुरुलिंगप्पांच्या घरात सगळीकडे तुरीच्या सालपटांची बारीक धूळ होती. भांडी पुसली तरी तासाभरानं पुन्हा पिवळी. सासू शरणम्मा दारातच म्हणाली, "या या. सून आधी उतरवावी का पाठराखीण, कळंना बघा. कोण कुणाला सांभाळायलंय?"

आत बायका खदखदल्या. चन्नम्माही हसली. तिनं सवयीनं बोचकं सोडलं: वाकळ, बाहुली, चिंच, खारका. हेमावतीनं बाहुली बघितली, उचलली आणि शेजारच्या घरातल्या लहान मुलीला देऊन टाकली.

पुढचे दिवस चन्नम्माच्या आयुष्यात आले नव्हते असे गेले. तिला काही कामच नव्हतं. मुलगी रडली नाही. पंगतीत कुणाची आठवण काढली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सासूला सरळ विचारलं, "अत्ती, कोठीची किल्ली कुणाकडं असती?" आणि चन्नम्मानं श्वास रोखून धरला, पण शरणम्मा इतकी चकित झाली की तिनं सांगून टाकलं. चन्नम्मा खांबाला टेकून बसे, खारका स्वतःच खाई आणि बघत राही. बोलणारी नवरी सासरी कशी दिसते हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या अनोळखी जनावराकडे बघावं तशी ती हेमावतीकडे बघे. एका दुपारी तिचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा अंगावर वाकळ होती. ती हेमावतीनं घातली होती.

निघायचा दिवस आला. सोमवार होता, घरचे स्वामी पाद्यपूजेला येऊन बसले होते. गुरुलिंगप्पा झोपाळ्यावर होते. भीमण्णा गिरणीतून पोत्यांवर खुणा करायचा गेरू हातात घेऊनच आला होता. शरणम्मानं चन्नम्माची ओटी भरली, हिरवं लुगडं दिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "पुढल्या साली धाकटीबरोबर तुम्हीच यायचं बरं का, चन्नक्का. ती पोर ल्हान हाय, तिला तुम्हीच पाहिजे. आता बोला, आणिक काय पाहिजे?"

हेमावती दाराच्या चौकटीपाशी उभी होती. ती चन्नम्माकडे बघत होती.

चन्नम्माच्या तोंडात पंचमी आलीच होती. तो शब्द इतक्या वेळा बोलून झाला होता की विचार न करता बाहेर पडे. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "आवंदा मागणारी मी न्हवं. पोरीलाच इचारा."

"सुनेनं मागायची चाल न्हाई, अक्का."

"आजवर मागता येणारी सून आणली हुती का कुणी?"

शरणम्माचा चेहरा उतरला. स्वामी विभूतीच्या ताटाकडे बघू लागले. गुरुलिंगप्पांनी झोपाळा पायानं थांबवला. त्यांना रागापेक्षा नवल जास्त वाटलेलं दिसलं. "विचारा तर," ते म्हणाले. "काय मागती बघू."

हेमावतीनं लगेच तोंड उघडलं नाही. बाहेर गिरणीचा पट्टा सपसप फिरत होता. चन्नम्माला असल्या वेळी बोलायची जन्माची सवय. गप्प बसलेल्या मुलींच्या वतीनं बोलणं हेच तर तिनं केलं होतं. तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि मोठ्या कष्टानं गप्प राहिली.

"मामा," हेमावती म्हणाली, "चंद्रीला माझ्याएवढी होऊ द्या. मग आणा."

"कायद्याचा धाक घालतीस का?"

"कायद्याला कोण भितंय? कायदा न्हाई. मी मागायलेय."

शरणम्मा म्हणाली, "तुझ्याएवढी म्हंजे किती? पंधरा का सोळा?"

गुरुलिंगप्पा हसले. "वयाचं नाव काढू नका. या मुलखात वयाचं खरं कोण बोलतंय? समद्यांच्याच पोरी पंधराच्या. तिचा बाप उद्या येऊन सांगंल, झाली माझी पंधराची." सगळा जन्म त्यांनी मापावर काढला होता; डोळ्यांना दिसत नाही त्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. "माझ्याएवढी म्हणाली न्हवं? मग माप घ्या. उभी ऱ्हा त्या चौकटीला. भीमण्णा, खूण कर. धाकटी तिथवर आली की आणायची, तोवर न्हाई. स्वामींसमोर बोलतोय."

हेमावती चौकटीला पाठ लावून उभी राहिली. गुरुलिंगप्पा, शरणम्मा, स्वामी, सगळे वर तिच्या डोक्याकडे बघत होते.

चन्नम्मा खाली बसून बोचकं बांधत होती. तिच्या डोळ्यांसमोर लुगड्याचा काठ होता. तो काठ जमिनीवरून हळूच चार बोटं वर उचलला गेला. आतून हेमावतीच्या दोन्ही टाचा दिसल्या. जमीन सोडून अधांतरी, आणि ताणानं थरथरत असलेल्या.

भीमण्णानं गेरूची रेघ ओढली. ती डोक्याच्याही जराशी वरच पडली असं चन्नम्माला वाटलं. पण तिची नजर त्या वेळी धड नव्हती. गुरुलिंगप्पांनी पोती शिवायची सुतळी मागवली, जमिनीपासून रेघेपर्यंत धरली, कापली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि चन्नम्माच्या हातात दिली. "रेवणसिद्धप्पाला द्या. सांगा, ताणायची न्हाई."

"न्हाई ताणत," चन्नम्मा म्हणाली.

तिनं बोचकं काखेला मारलं आणि हेमावतीच्या गालावरून हात फिरवला. चन्नम्माच्या सगळ्या निरोपांतला हा पहिला असा निरोप, ज्यात कुणी मोठ्यानं रडलं नाही. मोटारीत हुमनाबादच्या अलीकडे तिच्या एकदम लक्षात आलं की पंचमीचं मागायचं राहूनच गेलं.

*

पंचमीला हेमावती आली. कुणी शब्द घेतला नव्हता, कुणी आणायला गेलं नव्हतं. तिनं घरात सांगितलं आणि भीमण्णाबरोबर मोटारीत बसून आली. पुढच्या वर्षीही आली. तो उन्हाळा चंद्रम्माच्या लग्नाशिवाय सरला होता. सुतळी रेवणसिद्धप्पाच्या घरात खुंटीला टांगलेली होती, आणि गुलबर्ग्याहून निरोप आला की चंद्रम्माला तिच्याशेजारी उभं केलं जाई. चंद्रम्मा आईवर गेली होती. वर्षभरात ती वाढली ती रुंदीला. आईचंही डोकं सुतळीच्या गाठीला लागलं नसतं, पण हे मोजून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

चन्नम्माला त्या वर्षी एकही बोलावणं आलं नाही. ती वाकळा शिवी. बोचक्यातल्या खारका तिनं संपवल्या होत्या आणि नव्या आणल्या नव्हत्या. गावात सगळे एकाच गोष्टीचं बोलत, की हैद्राबाद राज्य मोडणार आणि आपण म्हैसूरात जाणार; तिकडे कायदे कसले असतात याची चन्नम्माला फार उत्सुकता होती.

पंचमीच्या दुपारी लिंबाला झोका बांधला होता. चन्नम्मा ओसरीत बसून शेंगा सोलत होती. चंद्रम्मा आतून सुतळी घेऊन आली आणि बहिणीपुढे उभी राहिली.

"अक्का, मोज ना. मला बी गुलबर्ग्याला यायचंय. तिथं रोज मोटार दिसती म्हणं."

हेमावतीनं झोका थांबवला. सुतळीची एक गाठ जमिनीला लावली, दुसरी वर धरली. चंद्रम्मा छाती काढून उभी राहिली, मग हळूहळू वर होऊ लागली. चन्नम्माचा हात शेंगांवर थांबला.

हेमावती खाली वाकली आणि धाकटीच्या पोटरीवर चापट मारली.

"टाचा टेकव."